पडत्या डब्यावर नेम

सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५
सकाळी ७ वाजून १० मिनिटं. व्हर्निअर कॅलिपर मोजून पेटीत ठेवत होतो. चौदा भरले. पुन्हा मोजले — पंधरा. मान वर केली तर प्रयोगशाळेच्या दारात दीपू!

दीपू म्हणजे माझा मावसभाऊ धम्मदीप, सत्यभामामावशीचा. शर्ट पँटमध्ये खोचलेला, हातात हजेरीपट. मला वाटलं मला भेटायला आला. तेवढ्यात मागून काळमेघ सर आले, आमचे फिजिक्सचे विभागप्रमुख. म्हणाले, "ललित, हे धम्मदीप सर. आजपासून अकरावीचे तास घेतील. त्याइले खडू-डस्टर दे."

दीपू हसला. "सर, हा त माह्या मावशीचा पोरगा होय!"

"मंग त सोपं झालं," काळमेघ सर.

काय सोपं झालं? खडूचा डबा दिला. "घ्या सर" म्हटलं.

बार्शीटाकळीच्या शाळेत दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. दहावीला मराठीत मला त्याच्यापेक्षा अकरा मार्क जास्त. बारावीला मी फिजिक्समध्ये नापास झालो, तो निघाला. एवढाच फरक! त्यावर त्याने बी.एस्सी., एम.एस्सी., बी.एड. रचलं आणि मी अकोल्यात काचेचे लोलक पुसतो.

तासिका तत्त्वावर आहे म्हणे. असेना. सर तो सर.

मंगळवार, २५ नोव्हेंबर
नीट लिहून ठेवतो म्हणजे डोकं ठिकाणावर राहील.

पुंजारामभाऊ ३१ जानेवारीला निवृत्त होतात. प्रयोगशाळा परिचराची जागा, संस्थेची, कायम. मी चार वर्षं त्यांच्या हाताखाली रोजंदारीवर. त्या जागेला बारावी सायन्स पास लागतं. काळमेघ सरांनी शब्द दिला आहे — "फेब्रुवारीत फिजिक्स काढ. मेमध्ये निकाल येईल. तोवर जागा मी धरून ठेवतो." हेही म्हणाले की माझी अकरावीच कच्ची आहे, म्हणून बारावी निघत नाही. अकरावीपासून कर.

आधी दोनदा बसलो, दोनदा राहिलो. ही तिसरी वेळ. फॉर्म भरला आहे हे काळमेघ सर आणि पुंजारामभाऊ सोडून कोणालाही माहीत नाही. आईलाही नाही. दीपूला तर नाहीच नाही!

शुक्रवार, २८ नोव्हेंबर
सामानाच्या खोलीतून अकरावीच्या वर्गात एक जुनं दार आहे. बंदच असतं, पण फळ्यांमध्ये फट आहे. भिंगं पुसायला मी आज तिथेच बसलो. मुद्दाम नाही. बरं, मुद्दाम.

दीपू — सर — प्रक्षेपित गती शिकवत होता. गणित असं: डबा ३० मीटर उंचीवर टांगलेला. आपण त्याच्यापासून ४० मीटर दूर, जमिनीवर. बंदुकीचा नेम सरळ डब्यावर. गोळी सुटते त्याच क्षणी डब्याची दोरी तुटते. गोळीचा वेग सेकंदाला २५ मीटर. लागेल का?

सगळा वर्ग ओरडला, "नाई लागत!" करिश्मा म्हणून एक मुलगी आहे, पहिल्या बाकावरची, ती म्हणाली, "डबा खाली पडून राह्यला त नेम खाली धरा लागन ना सर."

मलाही तेच वाटलं होतं.

तो म्हणाला, "दोन मिनिटं समजा पृथ्वी ओढतच नाही. डबा जागेवर, गोळी सरळ. लागन का नाई? लागन. आता पृथ्वीले ओढू द्या. ते डब्याले जेवढं ओढते तेवढंच गोळीले ओढते. तेवढ्याच वेळात दोघं तेवढेच खाली. मंग चुकन कशी?"

मग सगळ्या वर्गातून एकच "आऽऽ!"

तो आवाज मी चार वर्षांत कधी ऐकला नव्हता. माझ्या हातातलं भिंग पुसून झालं होतं. तरी पुसत राहिलो.

शनिवार, २९ नोव्हेंबर
हे अकरावीचं गणित. माझ्या बारावीच्या पेपरात येणार नाही. तरी सोडवत बसलो.

आडवा वेग २०, उभा वेग १५. चाळीस मीटर जायला २ सेकंद. गोळीची उंची १५ × २ = ३०, त्यातून ५ × ४ = २० वजा — १० मीटर. डबा ३० मधून २० पडला — १० मीटर. दोघं १० मीटरवर. लागली!

दीड पान गेलं. दोन ठिकाणी खाडाखोड. तो फळ्यावर दोन ओळींत करतो: सरळ अंतर ५०, वेग २५, वेळ २ सेकंद, दोघं २० मीटर खाली. झालं. माझं उत्तर बरोबर आहे, पण त्याचं उत्तर हसतं आणि माझं धापा टाकतं.

पुंजारामभाऊंनी वही पाहिली. "पुस्तकात त वांदर होतं न बे? डबा कुठून आला?"

मी सांगितलं — मागच्या वर्षी एका पालकाने तक्रार केली, मारुतीवर गोळी चालवायला शिकवता म्हणून. तेव्हापासून काळमेघ सरांनी वानराचा डबा केला.

"बरं केलं. अन् वांदर काय एवढं येडं हाये, बंदूक पाहून फांदी सोडन? थो त अजून वर चढन!"

रविवार, ३० नोव्हेंबर
आई सकाळपासून तेच. "सत्यभामेचा दीपू सर झाला, अन् तुह्याच कालेजात!" भाजी निवडता निवडता चार वेळा. मोजलं.

मंगळवार, २ डिसेंबर
सापडलं! सापडलं!

शुक्रवारी तो वर्गाला म्हणाला होता, "वेग काहीही घ्या, नेम सरळ असला की गोळी लागतेच." मी एकेक वेग घेऊन पाहिला. ५० घेतला — एका सेकंदात पोचते, दोघं ५ मीटर खाली, लागते. ४० — लागते. २५ — लागते. मग २० घेतला.

२० ने ५० मीटर जायला अडीच सेकंद. अडीच सेकंदात पडणं ३१.२५ मीटर. पण डबा तर ३० मीटरवरच होता!

म्हणजे गोळी पोचायच्या आधीच डबा जमिनीवर. गोळीसुद्धा वाटेतच मातीत. नाही लागत!!

तीन वेळा तपासलं. नाहीच लागत. एम.एस्सी. साहेब चुकले!

प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. स्टुलावर उभा राहून पंख्याला सांगितलं.

बुधवार, ३ डिसेंबर
वर्ग उघडायला मीच जातो. फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं — "सर, वेग २० घेतला तर?" नाव नाही. आणि दाराआड जाऊन बसलो.

तो आला. वाचलं. खडू घेतला. एक मिनिट गेलं, दोन गेली. वर्ग चुळबुळायला लागला. मला वाटलं, आता बघा!

मग तो वळून म्हणाला, "बापा रे! पोरांनो, शुक्रवारी मी तुमाले चुकीचं सांगितलं. डबा जमिनीवर पडायच्या आधी गोळी पोचली पाहिजे, एवढी अट हाये. हे ज्यानं लिहिलं त्याले माझा सलाम. कोनं लिहिलं?"

कोणी उठलं नाही. कोण उठणार!

करिश्मा म्हणाली, "सर, तुमीच लिवलं असन. आमी जागे हावो का झोपलो ते पाहाले."

"नाई ना बाई, देवाशपथ."

"सर लपवतात!" आणि टाळ्या. टाळ्या त्याला!!

चूक त्याची, शोध माझा, टाळ्या त्याला. हा कुठला नियम?

गुरुवार, ४ डिसेंबर
मधल्या सुट्टीत तो प्रयोगशाळेत आला. टेबलावर टेकला, लहानपणी ओट्यावर टेकायचा तसाच. "ललित, वीसचा आकडा तूच लिहिला ना? तुह्यं अक्षर मी वळखत नाई काय?"

"मी नाही सर. पुंजारामभाऊ असतील."

पुंजारामभाऊ तिकडून ओरडले, "मले वीसाचा पाढा येत नाई बावा!"

दीपू खूप हसला. मग एकदम हळू म्हणाला, "तुह्यं डोकं वाया गेलं रे."

शिवी दिली असती तर चाललं असतं.

शनिवार, ६ डिसेंबर
बार्शीटाकळीला गेलो, आईला घेऊन. विहारात वंदना, मेणबत्त्या, मग सगळे मावशीकडे जेवायला. दीपूच्या घरात दीपूचीच गोष्ट. त्याचं बी.एड.चं सर्टिफिकेट फ्रेममध्ये, बाबासाहेबांच्या तसबिरीच्या खालच्या खिळ्याला.

मावशी वाढता वाढता म्हणाली, "ललित, तुह्यं काय झालं? झाला काय पर्मनंट?"

दीपू समोर बसलेला. सगळे माझ्याकडे पाहत होते. आणि माझ्या तोंडून निघालं, "हो. झालो. बारावी काढली मागेच. सांगायचं राहून गेलं."

कसं निघालं? मला माहीत नाही.

आईचा हात ताटावरच थांबला. तिचा चेहरा — तो खुललेला चेहरा मी बारावीला नापास झाल्यापासून पाहिलेला नाही. मावशीने माझ्या तोंडात लाडू कोंबला. दीपू उठून गळ्यात पडला. "लेका, सांगत काऊन नाई! मी तुले उगाच म्हनलो डोकं वाया गेलं म्हनून."

लाडू तसाच गालात धरून बसलो.

मेमध्ये निकाल लागला की खोटं खरं होईल. पाच महिने. फक्त पाच महिने कोणी काही बोलू नये.

मंगळवार, ९ डिसेंबर
अमरावतीला विभागीय विज्ञान प्रदर्शन, १८ तारखेला. काळमेघ सर म्हणाले, "तो डबा-गोळीचा प्रकार खरोखर करून दाखवता येईल काय?" दीपूने फळ्यावर आकृती काढली. सुंदर काढली. मग सगळे माझ्याकडे पाहायला लागले, कारण आकृतीतून गोळी सुटत नाही.

करून बघतो म्हणालो.

शुक्रवार, १२ डिसेंबर
तीन दिवस हात मोकळा नाही. वायरिंगचा पाइप, सव्वा मीटर — ती बंदूक. काचेची गोटी — ती गोळी. तोंडाने फुंकायची. पाइपाच्या टोकाला चॉकलेटच्या चांदीची पट्टी, तिच्यातून वीज जाते. मोठ्या बोल्टला तांब्याच्या तारेचे चारशे वेढे, तो विद्युतचुंबक, छतापाशी, आणि त्याला चिकटलेला पत्र्याचा डबा. गोटी बाहेर पडताना चांदी फाडते, वीज तुटते, चुंबक डबा सोडतो. त्याच क्षणी!

पण त्याच क्षणी सोडत नव्हता. गोटी डब्याच्या खालून जायची, वीतभर. दोन दिवस नेम तपासला. नेम बरोबर. मग सुचलं — वीज गेली तरी लोखंड डब्याला क्षणभर धरून ठेवतं. डबा उशिरा पडतो. बोल्ट आणि डबा यांच्यामध्ये जाड कागदाचा तुकडा चिकटवला, बोटाच्या नखाएवढा. मग पकड तेवढी घट्ट राहिली नाही. वीज तुटली की डबा सुटला.

टण्ण!

सलग नऊ वेळा टण्ण. पुंजारामभाऊंनी विडी कानावर ठेवून सलाम केला.

तेवढ्यात दीपू तास संपवून आला. दहावी गोटी त्याच्यासमोर लागली. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "पाह्यलं? थिअरी कधी खोटी नसते!"

कागद त्याला दिसलाच नाही.

शनिवार, १३ डिसेंबर
थिअरी!

सोमवार, १५ डिसेंबर
प्रदर्शनाचा फलक छापून आला. "मार्गदर्शक: धम्मदीप सर. सादरकर्ती: कु. करिश्मा." खाली प्राचार्यांचं नाव, काळमेघ सरांचं नाव. माझं कुठे नाही. पाठीमागेही पाहिलं.

दीपू म्हणाला, "तुह्यं नाव मी दिलं होतं बे. प्राचार्य म्हणाले कर्मचाऱ्याईचे नावं टाकाची पद्धत नाई."

त्याने दिलं होतं, हे तर आणखीनच लागलं. त्याच्या देण्याने माझं नाव यावं!

अभ्यास शून्य. परीक्षेला दोन महिने.

बुधवार, १७ डिसेंबर
दुपारी ४ वाजून २० मिनिटं. साहित्य खोक्यात भरत होतो. एकटाच.

बोल्टवरचा कागद नखाने सोलला. खिशात ठेवला.

त्याच्या थिअरीवर चालतं ना? मग कागद कशाला?

गुरुवार, १८ डिसेंबर
सगळं जसं झालं तसं लिहितो.

सकाळी सहाची बस. प्राचार्य, काळमेघ सर, दीपू, करिश्मा, मी आणि खोकं. मूर्तिजापूरला चहा. दीपूने माझा कप आधी भरून आणला.

अमरावतीत मांडणी मीच केली. साडेअकराला दोन परीक्षक आले. एक वयस्क मॅडम, चष्मा दोरीला. दीपू छान बोलला. मग करिश्माने फुंकली. गोटी डब्याच्या खालून गेली. वीतभर.

"पुन्हा करा," मॅडम.

पुन्हा. खालून. तिसऱ्यांदा करिश्माचा श्वास पुरेना, डोळ्यांत पाणी. दीपूने कोन तपासला, पाइप तपासला. कानशिलावरून घाम. म्हणाला, "मॅडम, हवेचा अवरोध असावा."

"चार मीटरमध्ये? वीतभर?"

पुस्तकात लागते आणि इथं लागत नाही होय, असं दुसरे परीक्षक म्हणाले. प्राचार्य मागे उभे होते. मी खोक्यावर बसलो होतो. छाती एवढी धडधडत होती की वाटलं सगळ्यांना ऐकू जाईल. आनंद होता तो? आनंदच होता. खोटं कशाला लिहू.

मग दीपू वळला. "ललित, पाय बरं काय झालं."

उठलो. पाहायची गरज नव्हती, तरी पाहिल्यासारखं केलं. आणि बोलायला लागलो. इतकं सलग मी कधी कोणासमोर बोललो नाही. गोटीचा वेग साधारण दहा, अंतर चार मीटर, म्हणजे ०.४ सेकंद. तेवढ्यात गोटी ८० सेंटिमीटर खाली येते. ती डब्याच्या २० सेंटिमीटर खालून गेली, म्हणजे डबा ६० च पडला. साठ पडायला साधारण ०.३५ सेकंद. म्हणजे डब्याने निघायला सेकंदाचा विसावा भाग उशीर केला.

मॅडमनी चष्मा वर केला. "कशामुळे?"

"लोखंड लगेच सोडत नाही मॅडम. वीज गेली तरी थोडा वेळ धरून ठेवतं."

खिशातून कागद काढला. तोच! लावला. करिश्माने डोळे पुसून फुंकली.

टण्ण!

सगळा मंडप वळून पाहायला लागला. टाळ्या. यावेळी मला. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही कुठं शिकलात?" मी काही बोललो नाही, कारण बाजूला दीपू उभा होता. आणि सगळ्यात जोरात टाळ्या तोच वाजवत होता! "मॅडम, माहा मावसभाऊ होय," असं दोनदा सांगितलं.

परतीच्या बसमध्ये प्राचार्य माझ्या पुढच्या सीटवर. काळमेघ सरांना म्हणाले, "मार्गदर्शकाले माहीत नाई अन् लॅबवाल्या पोराले माहीत! याले तास कायले द्याचे मंग?"

मागे पाहिलं. दीपू खिडकीला डोकं टेकून झोपला होता. की नव्हता.

शुक्रवार, १९ डिसेंबर
काळमेघ सरांनी बोलावून घेतलं. "प्राचार्य खूश आहेत. तू फक्त फिजिक्स काढ, बाकी माझ्यावर."

दुपारी दीपू आला. "कागदाचं मले आधी काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही विचारलं नाही सर."

"हे खरं हाये. मी इचारलंच नाई." वहीत लिहून घेतलं त्याने — आकृतीसकट. मग म्हणाला, "पन पाच दिवस त बराबर लागत होतं ना रे?"

"कागद वाटेत पडला असेल."

"पडला असन." वही मिटली. "बरं झालं तुह्या खिशात दुसरा होता."

वही काखेत मारून तो तासाला गेला.

मंगळवार, २३ डिसेंबर
बारावीचा पहिला धडा पूर्ण. दीपू दिसला की माझं डोकं गणितात चालत नाही, न दिसला तरी चालत नाही.

शुक्रवार, २ जानेवारी २०२६
दीपूचे तास बंद झाले. दुसऱ्या सत्रापासून अकरावी काळमेघ सरच घेणार. प्राचार्यांचा निर्णय, दोन ओळींचं पत्र. ते पत्र त्याच्या हातात द्यायला मलाच पाठवलं.

त्याने वाचलं. घडी घातली. खडूचा डबा माझ्याकडे परत दिला, आत किती खडू उरले ते सांगितलं. सहा. मी मोजले नाहीत.

तो फाटकाबाहेर गेल्यावर मी हसलो. लिहून ठेवतो — हसलो. पुंजारामभाऊ पाहत होते. म्हणाले, "काहून बे, दात काऊन दिसून राह्यले?"

शनिवार, ३ जानेवारी
घरी आई सुतकात बसल्यासारखी. मावशीचा फोन येऊन गेला होता. "दीपूचे तास गेले म्हनते रे. त्याईच्या घरी तोच एक कमावता. तू त पर्मनंट हायेस, सांगून पाय ना तुह्या सायबाले."

"मी काय सांगणार आई? मी साधा माणूस."

"साधा कसा? तुह्यावाली टाळी वाजली अमरावतीले, दीपूनंच सांगतलं सत्यभामेले."

त्याने सांगितलं. त्यानेच. ही त्याची कुठली तऱ्हा आहे? मला नीट हेवाही करू देत नाही!

आई मग एकटीच बोलल्यासारखी, "तुमच्याकडचा तो म्हातारा रिटायर होते ना या महिन्यात? पुंजाराम?"

मी हो म्हणालो. माझं लक्ष नव्हतं.

सोमवार, ५ जानेवारी
दाराआडची खोली झाडली. पलीकडे काळमेघ सर शिकवतात. कोणी "आऽऽ" करत नाही.

शनिवार, १० जानेवारी
कबूल करून टाकावं का? काळमेघ सरांना सांगावं — कागद मी काढला. मग माझी जागा गेली. दीपूचे तास परत येतील याची खात्री नाही. म्हणजे दोघंही खाली.

मेनंतर सांगेन. जागा पक्की झाली की सांगेन.

मंगळवार, १३ जानेवारी
फिजिक्स: तीन धडे झाले. आज सव्वातीन तास सलग बसलो. पहिल्यांदा वाटलं, यावेळी निघेल.

शुक्रवार, १६ जानेवारी
दीपू आला. हातात लिफाफा, बंद न केलेला. "काळमेघ सर हायेत काय? त्याईनं सांगितलं होतं आज घेऊन ये म्हनून. तुह्या आईनं, पंचफुलामावशीनं, माह्या आईले फोन केला — म्हाताऱ्याची परिचरची जागा खाली होऊन राह्यली, ललित त पर्मनंट झाला, दीपूले लावा. मले त ठाऊकच नव्हतं." अर्ज काढून माझ्यासमोर धरला. "एम.एस्सी. लिहू का नोको लिहू? जास्त शिकला म्हनून नाई म्हनतीन काय?"

काळमेघ सर तेवढ्यात आले. अर्ज वाचला. माझ्याकडे पाहिलं नाही. "प्राचार्यांना विचारलं मी. पात्र माणूस हजर असताना मेपर्यंत जागा रिकामी ठेवता येत नाही."

ते गेल्यावर दीपूने माझा खांदा दाबला. "बरं झालं रे. आता आपन दोघं एकाच ठिकानी."

जागा एकच आहे. हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.